कारखान्याचं पत्र

नव्या कारखान्यात भरती निघाली, तेव्हा त्यानेही अर्ज केला. लेथ मशीनवर वीस वर्षं काढलेला माणूस; शिवाय दर नव्या कामगारामागे सरकार कारखान्याला अनुदान देणार होतं. साहेबांनी चाचणी घेतली, प्रमाणपत्रांच्या प्रती, फोटो, सह्या सगळं ठेवून घेतलं आणि "कळवतो" म्हणाले.

महिनाभर वाट पाहून तो गेटवर विचारायला गेला, तर वॉचमन म्हणाला, "सगळ्या जागा भरल्या, दादा." तेव्हापासून तीन वर्षं तो पेट्रोल पंपावर लोकांच्या गाड्या धुतोय.

आज बायको पाकीट नाचवतच पंपावर आली. "अहो, कारखान्याचं पत्र आलंय! मी म्हणत नव्हते, तुमच्या हातातली कला वाया जायची नाही म्हणून?"

त्याचे हात साबणाने भरले होते. "तूच वाच," म्हणत त्याने पाण्याचा नळ बंद केला.

ती सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत वाचायला लागली, पण वाचता वाचता तिचा आवाज खाली येत गेला.



"शासनाने रोजगार अनुदान योजना बंद केल्यामुळे, तीन वर्षांच्या सेवेनंतर आपणांस कामावरून कमी करण्यात येत आहे."