जाड नाणं

“काका, सुई घसरतीये,” केविन भिंतीपलीकडून म्हणाला.

शांतवन जास्वंदीला पाणी घालत राहिला. त्याने मान वर केली नाही, पण मनातून त्याला बरं वाटलं. आला ना शेवटी माझ्याकडेच!

राहुरीच्या मिशन कंपाउंडमध्ये रेकॉर्ड म्हटलं की शांतवन, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. विद्यापीठात वायरमन असताना त्याने रेकॉर्ड प्लेअर घेतला होता. रविवारी उपासना सुटली की माणसं त्याच्या ओट्यावर येऊन बसायची. पुढे मोटर जळली, पार्ट कुठे मिळेना, आणि प्लेअर कपाटावर जाऊन बसला. तरी मान टिकून होता. रेकॉर्ड कशी धरावी, कशी पुसावी, हे तो चहा पिता पिता सांगायचा आणि लोक निमूट ऐकायचे.

मग दिवाळीच्या सुट्टीत मोबाईल दुरुस्तीवाल्या केविनने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक टर्नटेबल आणि जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा उचलून आणला. पट्टा बदलला, लाकडी पेटीला पॉलिश मारलं. झालं! पुढच्या रविवारपासून शांतवनच्या ओट्यावर चिटपाखरू फिरकेना.

“लई ग्वाड वाजतंय हो केविनचं,” दगडाबाईने जाता जाता ऐकवलं. “तुमच्यापरीस साफ!”

म्हातारी वळणावर गेली तेव्हा शांतवनने कप असा आपटला की त्याचा कान तुटला. हेवा, दुसरं काही नाही. रोज उठून त्या पोराचा हेवा करणं हेच त्याला काम झालं होतं.

खरं तर त्या मशिनची सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती. चर्चच्या मंडळीच्या गायकांनी एके काळी मुंबईला जाऊन एक रेकॉर्ड काढली होती आणि तीत त्याची बायको मरिया एक गाणं एकटी गायली होती. मरिया गेली त्याच वर्षी मोटर जळली आणि ती रेकॉर्ड ट्रंकेत गेली. मरियाचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. मोबाईलमध्ये भरून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. पण म्हणून रेकॉर्ड काखेत मारून कालच्या पोराची पायरी चढायची? त्यापेक्षा न ऐकलेली बरी, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

सगळ्यात झोंबत होतं ते एंजेलाचं वागणं. एकुलती एक लेक, शाळेत शिक्षिका. तीही भिंतीपाशी उभी राहून केविनशी कुजबुजायची आणि बाप दिसला की गप्प व्हायची.

“कुठली रेकॉर्ड?” शांतवनने आता झारी खाली ठेवली.

“जुनी हाय. जरा वाकलीये. नाताळाच्या कार्यक्रमात वाजवायचीय, सगळ्या मंडळीसमोर.”

“त्या पुण्याच्या गठ्ठ्यातली?”

केविनने अंगणात गोधड्यांना ऊन देणाऱ्या एंजेलाकडे पाहिलं. “व्हय, त्यातलीच.”

सगळ्या मंडळीसमोर! शांतवनचा तिळपापड झाला. आणि तेवढ्यात त्याला एक सुचलं.

“सुईच्या आर्मच्या टोकावर नाणं ठेव,” तो शांतपणे म्हणाला. “पाचाचं, जुनं, जाड. मग घसरायची न्हाई.”

नाण्याच्या वजनाने सुई घसरायची थांबते हे खरंच. ती रेकॉर्डच्या बारीक रेघा खरवडत जाते, हेही खरं. ते मात्र त्याने पोटात ठेवलं.

“सुई बदलू का? घासल्यावानी दिसती.”

“कशाला? मुरलेली सुई बरी. रोज वाजवत जा. हेडफोन लाव, म्हंजी आधी कुनाला कळायचं न्हाई.”

“तुमी म्हनाल तसं, काका.”

थोड्या दिवसांनी केविन पुन्हा भिंतीशी आला. चेहरा उतरला होता.

“काका, खरखर लई वाढलीये.”

अजूनही सांगता आलं असतं. शांतवनने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि नजर जास्वंदीकडे वळवली.

“वाढनारच. आतली धूळ वर येती. आजून येक नाणं ठेव.”

“बरं. तुमच्याबिगर कुनाला इचारनार!”

संध्याकाळी शांतवनने जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग ‘तुमच्यापरीस साफ’ आठवलं आणि तो सावकाश सगळं जेवला.

नाताळाच्या दिवशी चर्चच्या आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. वर कागदी तारे लोंबत होते, हातोहात करंज्या फिरत होत्या. शांतवन इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसला. अशी करमणूक मागे बसून कोण बघणार?

केविनने लाकडी पेटी टेबलावर ठेवली. खिशातून दोन जाड नाणी काढून आर्मवर बसवली आणि माईक हातात घेतला.

“हे सगळं शांतवनकाकांनी शिकवलं,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. शांतवनने मान झुकवून त्या घेतल्या.

सुई टेकली. तापल्या तव्यावर मीठ टाकावं तशी नुसती तडतड सगळ्या आवारात पसरली. मागे कुठेतरी हार्मोनियमचे सूर असावेत, पण ते धड वर येईनात. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दगडाबाईने कानावर पदर ओढला. केविन घामाघूम होऊन आर्मशी खटपट करत होता.

शांतवनने ते सगळं डोळे भरून पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याला हलकं वाटलं. बस्स, एवढं पुरे. कोटाची बटणं लावत तो घरी जायला उठला.

मागून एंजेलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“उठू नका ना, पप्पा,” ती कानाशी म्हणाली. “आपल्या ट्रंकेतली आहे ती. आता मम्मी गाईल.”