खिडकीतली पाटी

ऑगस्ट उजाडला तरी मोरकमच्या समुद्रकिनाऱ्यावर आम्ही सुट्टीवर येणाऱ्यांना खोल्या भाड्यानं द्यायचो, त्या घरी एकही पाहुणा उतरला नव्हता. न्याहारीची टेबलं मी रोज मांडायची आणि तशीच उचलायची. हा महिना असाच गेला, तर घर विकावं लागणार होतं.

शेजारची एडनाही खोल्या द्यायची; तिच्या खिडकीत मात्र 'खोली शिल्लक नाही' अशी पाटी होती. वर ती रोज कुंपणावरून विचारायची, "काय गं विनिफ्रेड, आलं का कुणी?" माझा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी लाज गिळून मी तिच्या मागच्या दाराशी गेले. "एडना, तुझ्याकडं जागा नाही म्हणून परत जाणारं एखादं जोडपं तरी माझ्याकडं पाठव ना."

ती पायरीवर मटकन बसली.



"पाटी नुसती लाज राखायला लावलीय गं. तुझं घर भरलं की एखादं माणूस मागून घ्यावं, म्हणून रोज विचारत होते."