घरटी एक नायटा

विद्यापीठाचं पत्र आलं : तुमच्या गावच्या पाल्याच्या अर्काने नायटा बरा होतो का, हे तपासायला आम्ही दोन महिन्यांनी येतोय, वीस रोगी तयार ठेवा. आमच्या सामोआतल्या या गावात रोगी एकही नव्हता. कुणाला जरा खाज सुटली की सिनावाई आजी त्याच पाल्याचा रस चोळायची.

"पाहुणे रिकाम्या हाताने परत गेले तर आपली शोभा होईल," गावप्रमुख मुलिपोला भर सभेत म्हणाले. "आपली घरं वीस. घरटी एक नायटा द्यायचा!"

"नायटा म्हणजे काय डुक्कर आहे का रे, दारात बांधलेलं?" आजी कडाडली. पण सभेचा हुकूम म्हणजे हुकूम. पलीकडच्या गावचा एक नायटेवाला मेजवानी देऊन आणला आणि घरटी एकजण त्याच्या चटईवर लोळून आला. चोरून पाला लावेल त्याला एक डुक्कर दंड ठरला. पहिला दंड खुद्द मुलिपोलांनाच झाला. त्यांच्या मांडीवर हिरवा डाग सापडला.

पाहुणे आले तेव्हा वीस जण गळ्यात फुलांच्या माळा घालून, कराकरा खाजवत रांगेत उभे होते. डॉक्टरीणबाई हरखून गेल्या. "वा! आता ते झुडूप दाखवा."



"शेवटचं झुडूप परवाच उपटून जाळलं, बाई," आजी म्हणाली, "लोक चोरून बरे व्हायला लागले होते."