चौपाटीवरचा फोन

पासलीहून आम्ही दोघं आणि भोरहून ह्यांचे मित्र हनीफभाई, फौजियाभाभी आणि त्यांची पोरं, गाडी करून मुंबई बघायला आलो. पण ह्यांचं लक्ष मोबाईलमध्ये. सकाळी लॉजच्या जिन्यात कुजबुजत होते, मला बघताच फोन खिशात. संध्याकाळी चौपाटीवर भेळ हातात आली आणि हे पुन्हा गायब. "चल, बघूच," फौजियाभाभी म्हणाल्या. शहाळ्याच्या गाडीमागं तोंडाशी हात धरून हे बोलत होते, "रुसू नको गं राणी. उद्या येतोय ना मी." मी तशीच पुढं झाले. फोन हिसकावून कानाला लावला. पलीकडून सासूबाई ओरडल्या, "बोलत ऱ्हा गोरख, थांबू नगंस! तुजा आवाज ऐकून आत्ता कुठं म्हस पान्हवली." फौजियाभाभी हसत हसत वाळूतच बसल्या. मी फोन परत दिला. मी रुसले की हे मुकाट्यानं जेवून सरळ झोपी जातात.