ओटोमहाराज की जय

"काका, यंदा तो शेवटचा जयकार कॅन्सल करू या," नकुल म्हणाला.

बाळकाकांच्या हातात आरतीचं तबक होतं. निरांजन अजून पेटवायचं होतं. शॉमबर्गमधल्या शाळेचं जिम मराठी मंडळाच्या गणपतीला आलेल्या माणसांनी भरून गेलं होतं.

"का रे?"

"नवीन फॅमिलीज विचारतात, हे ओटोमहाराज कोण? कोणी म्हणतं, जर्मनीत त्यांचा मठ आहे. मी मंडळाचा प्रेसिडेंट, आणि मलाच माहीत नाही. लोक हसतात यार."

जयकार मंडळाइतकाच जुना होता. मोरया झालं की सगळ्यांत शेवटी बाळकाका हात वर करत आणि म्हणत, 'ओटोमहाराज की'. पोरं तर त्याचीच वाट बघत. तो सुरू करणाऱ्यांपैकी आता बाळकाका एकटेच उरले होते.

त्यांनी तबक खाली ठेवलं आणि शेवटच्या रांगेकडे बोट केलं. तिथे खुर्चीवर एक गोरा म्हातारा बसला होता. काठी मांडीवर, बूट काढून खुर्चीखाली नीट ठेवलेले.

"तो ओटो."

नकुल बघतच राहिला.

"प्रेअरी कॉमेट्स नावाची फुटबॉलची टीम होती इथे. प्रोफेशनल. आपला पहिला गणपती, आम्ही दहा-पंधरा जण. हॉलवाल्याला उदबत्तीचा वास आला आणि त्याने आम्हाला बाहेर काढलं. मूर्ती हातात घेऊन पार्किंगमध्ये उभे. पलीकडे यांचं मैदान. हा खेळाडूंच्या खोलीच्या दारात ग्लव्हज वाळत घालत होता. म्हणाला, आत या, आज मॅच नाही. खेळाडूंना मालिश करायच्या टेबलावर आपला गणपती बसला, नकुल. वर धुराचा अलार्म. आरती संपेपर्यंत हा बाकावर उभा राहून टॉवेल हलवत होता. देवावर चवरी ढाळावी तसा."

"मग हे आधी कधी का सांगितलं नाहीत?"

"सांगत होतो. ऐकणारे गाव बदलून गेले. जयकार राहिला."

पुढे ती टीम बंद पडली. मैदानावर गोदाम उभं राहिलं, खेळाडू पांगले. ओटो कुठे गेला, कोणालाच कळलं नाही. या उन्हाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाळकाका व्यायामाला गेले, तर शेजारच्या खुर्चीत तोच. जयकाराबद्दल ते त्याला काही बोलले नव्हते. नुसतं 'कार्यक्रमाला चल' म्हणून गाडीत बसवून आणलं होतं. त्याचे आभार मानायची दुसरी रीत त्यांना सुचली नव्हती.

"प्रेसिडेंट तू आहेस," ते म्हणाले. "नको म्हणालास, तर मी गप्प बसेन."

 नकुलने काडी ओढली आणि निरांजन पेटवलं.

आरती झाली. मोरया झालं. बाळकाका हात खाली ठेवून उभे होते. त्यांनी नकुलकडे पाहिलं. नकुलनेच हात वर केला.

"ओटोमहाराज की..."

पोरांनी 'जय' म्हणताना गळ्याच्या शिरा ताणल्या. नकुलने पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. मागच्या रांगेतला म्हातारा काठी धरून हळूहळू उभा राहिला.

बाळकाका मोदक घेऊन त्याच्याजवळ गेले.

"बाळ, ते माझं नाव घेतायत?" ओटोने इंग्रजीत विचारलं.

"तुझंच. तुला त्याचं काय नवल? तू गोलकीपर. अख्खं स्टेडियम ओरडत असेल तुझ्या नावाने."

ओटोने नकारार्थी मान हलवली. 

"मी राखीव होतो. टीम बंद पडेपर्यंत मला एकदाही मैदानात उतरवलं नाही. माझं नाव कोणी कधीच ओरडलं नाही, बाळ."

बाळकाकांनी मोदक त्याच्या तळहातावर ठेवला.

"दर वर्षी ओरडत होते," ते म्हणाले. "तूच तेवढा मॅचला आला नव्हतास."