राखेचा निवाडा

डॉक्टरांच्या सिगारची राख पेरभर वाढली होती आणि अजून पडली नव्हती. जेवण सगळ्यांनाच जड झालं होतं. दुपार कलली होती. निळसर धूर गच्चीच्या कठड्यापर्यंत जायचा आणि तिथेच रेंगाळायचा. खाली रस्ता असेल, गाड्याही असतील, पण वर कुणाला त्याचं भान नव्हतं.

निमित्त होतं मेहुण्याच्या निवृत्तीचं. तो जहाजावर इंजिनिअर होता. ज्या बंदराला लागेल तिथून बहिणीसाठी काहीबाही आणि भाऊजींसाठी न चुकता सिगारची पेटी आणायचा. त्यातून घरात एक रिवाज पडला. कुणाचं काही चांगलं झालं, की गच्चीवर खुर्च्या मांडायच्या, सगळ्यांनी एकदम सिगार पेटवायची आणि राख न झटकता ओढायची. हात कशावरही टेकवायचा नाही. ज्याची राख शेवटपर्यंत टिकेल, रिकामी पेटी त्याची. डॉक्टरांच्या बायकोची बटणं, दोरे, जुन्या किल्ल्या, सगळं अशा पेट्यांमध्ये होतं, कारण जिंकायचे नेहमी डॉक्टरच. उभा जन्म लोकांच्या डोळ्यांची ऑपरेशनं केलेला हात, तो कशाला हलतोय. डॉक्टर असून ओढता, असं कुणी म्हटलंच तर ते म्हणायचे, "मी कुठे ओढतो, मी नुसती धरतो."

पंच होता त्यांचा शाळेपासूनचा मित्र. नकाशे काढणं हा त्याचा धंदा. निकाल देताना फार आव आणायचा, म्हणून घरात त्याला न्यायमूर्ती म्हणत. त्याचा एक डोळा लहानपणीच गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर त्याने कितीतरी नद्या आणि डोंगर कागदावर उतरवले. आता त्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला होता. समोरचं माणूस त्याला धुरासारखं दिसायचं. उद्या सकाळी ऑपरेशन होतं.

ते डॉक्टर करणार होते. खरं तर बरेच दिवस ते ऑपरेशनला उभेच राहिले नव्हते. पाठ धरते असं सांगून त्यांनी सगळं काम लेकीवर सोपवलं होतं. लेकही डोळ्यांचीच सर्जन. पण मित्र हटून बसला. "हात लागेल तर तुझाच," म्हणाला. आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. पाठीला काही झालं नव्हतं. उजवा हात अधूनमधून आपल्या मनाने हलायचा. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आपण जे काही आहोत ते या हातामुळे, तोच गेला तर मागे उरतं काय? म्हणून आज सिगार पेटवताना त्यांनी मनातल्या मनात सौदा केला. राख टिकली तर उद्याचा हातही टिकेल.

मेहुणा समुद्राच्या गोष्टी सांगत होता. अंधारात जहाज चाललं की पाणी उजळतं म्हणे, मागे उजेडाची वाट पडते. सांगताना त्याने हाताने ती वाट काढून दाखवली आणि राख स्वतःच्याच मांडीवर पाडली. "मामा बाद," लेक म्हणाली. राहिले दोघंच, बाप आणि लेक. ऊन खाली उतरत गेलं. डॉक्टरांना आपली राख दिसत होती, पलीकडे मित्राचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यात शाळेतला मुलगा अजून तसाच होता. त्यांना फार बरं वाटलं. ही दुपार संपूच नये असं वाटलं.

आणि हात हलला. राख शर्टावर पडली.

मित्राने मान वळवली. "गप्प का झालात? कुणाची पडली?"

"पोरीची पडली, न्यायमूर्ती," मेहुणा म्हणाला.

लेकीने आपल्या सिगारकडे पाहिलं. तिची राख शाबूत होती. तिने ती हलकेच ताटलीत झटकली. "हो काका, माझीच पडली."

बायकोने पदराने डॉक्टरांच्या शर्टावरची राख टिपली, त्यांच्याकडे न बघता. कुणी कुणाला खूण केली नव्हती. म्हणजे यांना सगळ्यांना ठाऊक आहे, डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त माया वाटली. आता त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं.

"मग निकाल नेहमीचाच," मित्राने बोट वर केलं. त्याचा तो एकुलता डोळा, दुधाळ झालेला, डॉक्टरांच्या बाजूला वळला होता. त्यात काडीचाही संशय नव्हता.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "खोटं सांगतायत सगळे. राख माझी पडली. हात हलतो माझा, बऱ्याच दिवसांपासून. उद्या तुझ्या डोळ्याला मी हात लावणार नाही. ही लावेल."

मित्राचं बोट तसंच वर राहिलं. मग त्याने चाचपडत रिकामी पेटी उचलली आणि लेकीचा आवाज जिथून आला होता तिकडे पुढे केली. तिने ती घेतली. त्याने खुर्ची डॉक्टरांच्या खुर्चीला भिडवली आणि त्यांचा उजवा हात शोधून आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मला ठाऊक होतं रे," तो हळूच म्हणाला. "मागच्या खेपेला तू मनगट गुडघ्यावर टेकवून जिंकलास, तेव्हा मला चांगलं दिसत होतं."