हरणांचं पाणी

“मी नसलो तरी हरणांचं पाणी चुकवू नको,” दवाखान्यात मालक शेवटचं एवढंच बोलले. चार वर्षं झाली. रोज पूजा आटोपली की मी बांधावरचं घमेलं भरते. हरणं प्यायला आली की वाटतं, मालक माझ्या पाठीमागंच उभे असतील. वळून मात्र बघत नाही. परवा एका हरणीच्या तोंडावर काळ्या गाठी दिसल्या, आणि दिरानं घमेलं पालथं केलं. “वैनी, लंपी हाय ती! आपले बैलबी त्यातच पेतात.” फोटो बघून जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “लंपी नाही, चामखिळी आहेत, झडतील. तरी हरणांचं पाणी लांब ठेवा.” दीर हसला, “टेकडीपस्तोर कोण नेणार? तुमची तर आज निर्जळा एकादशी.” मालक असते तर घागर मला उचलूच दिली नसती. चुंबळ डोक्यावर ठेवली, भरलेली घागर चढवली आणि टेकडीची वाट धरली.